वन्सं, तुमची एकवीस गिअरची सायकल

वन्सं, तुमच्या नखांतलं काळं ग्रीस शेवटपर्यंत गेलं नाही. तुम्हाला आंघोळ घालताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "लिंबू आण गो मंजू, घासून काढू. बाईमाणसाचे हात असे बरे दिसत न्हाय." मी म्हटलं, "राहू दे काकू. त्यांना बरे दिसायचे." आणि सगळ्यांच्या देखत मला हसू आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. काकूंना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

पण आदल्या रविवारीच तर तुम्ही पडवीत मांडी घालून बसला होतात, मांडीवर फडकं, समोर उलटी केलेली सायकल. चेनची एकेक कडी पुसत होतात. मी चहा घेऊन आले तर म्हणालात, "ठेव तिथे. माझे हात बघ, कपाला लागतील." ते हात मला लिंबानं घासायचे नव्हते.

तुम्ही गेल्याला आज सतरा दिवस झाले. दुपारी जेवून "जरा पडते" म्हणून आत गेलात आणि चहाला हाक मारली तेव्हा उठला नाहीत, एवढंच. भेटायला येणारी माणसं तुमच्या शिवणक्लासबद्दल बोलतात, किती पोरींना तुम्ही हातात कात्री धरायला शिकवलंत ते सांगतात. मी मान डोलावते. पण मला आठवतात ते शेवटचे पाच आठवडे. माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं तुम्ही माझ्या नणंद आहात. मात्र आपण दोघी मैत्रिणी झालो त्या पाच आठवड्यांत.

सायकल खरी निखिलची. माझ्या लेकानं अकरावीत हट्ट करून घेतलेली. जाड टायर, पुढे तीन दातेरी चक्रं, मागे सात, आणि वजन एवढं की उचलताना कंबर धरावी लागे. दुकानातली सर्वांत स्वस्त गिअरवाली तीच होती. तो पुण्याला नोकरीला गेला आणि सायकल पडवीत ताडपत्रीखाली पडून राहिली. मग ते वादळ आलं. आपल्या वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, रस्त्यावर माड पडले, गाड्या बंद. बोर्लीहून माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे तुमच्या बाबांच्या, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायच्या होत्या. तुमचा भाऊ नुसता येरझारा घालत होता. तुम्ही ताडपत्री ओढलीत, साडीचा काचा मारलात आणि निघालात. तेव्हा तुम्ही सत्तावन्न वर्षांच्या. आडवा माड आला की सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जायचं, पुन्हा बसायचं. तीन तासांनी परत आलात तेव्हा गोळ्यांची पिशवी हँडलला लटकत होती आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मी पाणी द्यायची विसरले.

"लहानपणी बोर्लीत तासाच्या भाड्यानं घ्यायचो गो," एवढंच म्हणालात. "पाय विसरत नाहीत."

त्यानंतर सायकल तुमची झाली. दर बुधवारी म्हसळ्याचा शिवणक्लास, एसटी सोडून सायकलवर. मधली चढण तुम्ही मोठ्या गिअरवर, उभ्यानं पेडल मारत चढायचात. मी म्हणायचे, "वन्सं, पुढचं छोटं चक्र कशाला दिलंय? त्यावर घ्या, हलकं जाईल." तुम्ही म्हणायचात, "त्यावर एवढं हळू जातं की शेजारून म्हातारा काठी टेकत पुढे जातो." हा वाद आपण किती वेळा घातला! तो मिटला नाही. आजही मला वाटतं माझंच बरोबर होतं.

मग तो बुधवार. चढणीवर तुम्ही उभ्या राहून जोर लावलात आणि चेन दात्यांवरून सटकली. पाय रिकामा खाली गेला, गुडघा डांबरावर. सहा टाके पडले. डॉक्टर टाके घालत होते आणि तुम्ही वाकून बघत होतात. "डॉक्टर, हा चौथा जरा तिरका गेला," तुम्ही म्हणालात. तो बिचारा तरुण डॉक्टर! मी बाहेर जाऊन हसून घेतलं.

घरी मात्र तुमचा भाऊ हसला नाही. हे टेम्पोच्या बॉनेटवर हात आपटून म्हणाले, "ताई, पुरे झालं. उद्या भंगारवाला येतोय, ही सायकल जाणार."

"आठ दिवस दे, पक्या."

"आठ दिवसांनी काय होणार आहे?"

"दुरुस्त होईल. नाही झाली तर तू स्वतः उचलून भंगारात टाक. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

तुमचा आवाज चढला नव्हता. पण त्या सायकलीवर तुमचा बुधवार होता, आणि बुधवार गेला असता तर तुम्ही पडवीतल्या खुर्चीतल्या आत्याबाई होऊन बसला असतात. हे तुम्हाला कळलं होतं, मलाही. म्हणून दुसऱ्या दिवशी "मीपण येते" म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, जरा वेळ बघितलंत, आणि म्हणालात, "जुनी साडी नेस."

बोर्लीचे मुश्ताकभाई कुवेतला वीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढून आलेले. आता घराच्या पुढच्या खोलीत सायकलींचं दुकान. त्यांनी चेन बोटानं उचलून बघितली आणि मान हलवली. "ताई, चेन लांबली हाय."

"लोखंड कसं लांबेल?"

"लोखंड नाय लांबत. कडीकडीतली पिन झिजते. बारा इंचांत बारा जोड बसायला हवेत. मोजून बघा."

तुम्ही पिशवीतून क्लासची लाकडी फूटपट्टी काढलीत. ती बरोबर आणली होतीत हे बघून मुश्ताकभाईंनी भुवया उंचावल्या. बारावा जोड बाराच्या रेघेपलीकडे गेला होता. "दीड सूत," तुम्ही म्हणालात. एका इंचाचे आठ सूत, त्यातला दीड. मुश्ताकभाई म्हणाले, "अर्धा सूत असता तर नुसती चेन बदलून भागलं असतं. आता मागच्या सात चक्रांचं फ्रीव्हील पण गेलं समजा. नवी चेन जुन्या दात्यांवर बसायची नाय."

"बघू," तुम्ही म्हणालात. वन्सं, तुमचं हे 'बघू' म्हणजे 'नाही' असतं हे मला घरात आल्यापासून ठाऊक होतं. मुश्ताकभाईंना त्या दिवशी कळलं. आणखी एक अट घातलीत: हात ते लावणार नाहीत. हत्यारं त्यांची, काम आपलं. "पुढच्या वेळी मला रस्त्यात करता आलं पाहिजे," तुम्ही म्हणालात. मुश्ताकभाईंनी स्टूल ओढलं, आतून चहा मागवला आणि बसले. "बिस्मिल्ला करा," म्हणाले.

नवी चेन चढवली. तुम्ही दुकानासमोरच्या रस्त्यावर एक फेरी मारलीत. दहा पावलांवर खटाक! पुन्हा खटाक! आधी चढावर सटकत होती, आता सपाटीवर सटकायला लागली. तुम्ही उतरून सायकल हातानं ढकलत आलात. मुश्ताकभाईंनी तुमचा कप पुन्हा भरला, बस. तुम्ही चहा संपवलात आणि म्हणालात, "मशीनचा नवा दोरा जुन्या सुईत असाच तुटतो. माझ्या लक्षात यायला हवं होतं." हार मानायची तुमची ही पद्धत मला फार आवडली. चिडचिड नाही, सबब नाही.

तेव्हाच ते घडलं, ज्याबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही.

मुश्ताकभाईंनी काढलेली जुनी चेन नाकाशी नेली. हुंगली. "ताई," ते म्हणाले, "चेनला खोबरेल कोणी लावलं? वाळू चिकटून बसलीय सगळी. पॉलिश पेपर होऊन दाते खाल्लेत तिनं."

दिवाळीनंतर तुम्ही तळा गावी लग्नाला चार दिवस गेला होतात, तेव्हा रोज सकाळी मी तुमची सायकल घेऊन पुळणीवर जात होते. गुपचूप. ओल्या वाळूत, भरतीच्या रेघेवरून, इकडून तिकडे. चेन करकरायला लागली म्हणून स्वयंपाकघरातलं खोबरेल ओतलं, चांगलं हात सैल सोडून. घरचं तेल, घरची वाडी, मला काय ठाऊक?

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मीच. संपलं होतं मशीनचं तेल."

तुमच्याकडे मशीनचं तेल कधीच संपत नाही, वन्सं. बाटली अर्धी झाली की दुसरी आणून ठेवता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. पाना उचललात आणि मागचं चाक काढायला लागलात. मी घरी आल्यावर सांगणार होते. मग दुसऱ्या दिवशी सांगणार होते. मग वाटलं, यांना ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे की यांना ठाऊक आहे, मग कशाला? आता सांगते: ते खोबरेल मी ओतलं. तुमच्या गुडघ्याचे सहा टाके माझ्या वाट्याचे होते. आणि त्या चार सकाळी माझ्या आयुष्यातल्या फार सुंदर सकाळी होत्या. हे दोन्ही तुम्हाला एकाच दमात सांगायचं होतं.

फ्रीव्हीलनं आपली तीन दिवस परीक्षा घेतली. दर पेडलला ते आणखी घट्ट होत जातं, त्यात आपली खारी हवा. पाना लावला, घाम गाळला, ढिम्म. शेवटी मुश्ताकभाई म्हणाले, "पाना फिरवू नका. पाना वाइसच्या जबड्यात पकडा आणि चाक फिरवा, मोटारीच्या स्टेअरिंगसारखं." एका बाजूनं तुम्ही टायर धरलंत, दुसऱ्या बाजूनं मी. "एक, दोन..." आणि तीन म्हणायच्या आत असा कडाक आवाज आला की समोरच्या मासळीवाल्या बायका उठून बघायला आल्या. मला वाटलं, चाक मोडलं. तुम्ही मात्र ओरडलात, "सुटलं!" आणि ग्रीसच्या हातांनी माझे गाल धरलेत. मी तशीच घरी आले. हे म्हणाले, "तोंडाला काय झालं?" आपण दोघी एकदम म्हणालो, "काही नाही."

पुढची चक्रं तुम्हाला बदलायची नव्हती. "मागचं गेलं म्हणून पुढचंही गेलं असं नाही," तुम्ही म्हणालात. मी मधल्या चक्रावर बोट ठेवलं. त्याचे दाते एका बाजूला कलले होते, मुशी माशाच्या पाठीवरच्या पंखासारखे. "हे बघा, वन्सं. नवी चेन इथे अडकणार." तुम्ही वाकलात, चष्मा वर केलात, बोट फिरवून बघितलंत. आणि मग, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, कसलाही 'पण' न लावता म्हणालात, "तुझं बरोबर आहे." मी ते मुश्ताकभाईंच्या दुकानात, त्यांच्या साक्षीनं ऐकलं. तुम्ही कधी नाकबूल केलंत तर 'त्यांना विचारा' असं म्हणणार होते. आता कोण विचारणार?

आपल्या स्वस्त सायकलीची पुढची तिन्ही चक्रं एकमेकांना ठोकून बसवलेली, म्हणून क्रँकसकट, म्हणजे पेडलच्या दांड्यांसकट, सगळंच नवं घ्यावं लागलं. जुने पेडल काढून नव्यावर लावायचे होते. उजवा निघाला. डाव्यावर आपण दोघी अर्धा तास लटकलो. तुम्ही तर पान्यावर उभ्या राहिलात. मुश्ताकभाई नमाजाला गेले होते. परत आले, बघितलं आणि भिंतीला टेकून हसायला लागले. "भाबी, ताई, डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. तुम्ही अर्धा तास त्याला आवळताय." आवळलेला तो पेडल सोडवायला आणखी अर्धा तास गेला, कारण तुम्हाला हसू आलं की तुमच्या हातातलं बळ जातं.

नवी चेन लांब येते, ती मापात कापावी लागते. पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून फिरवून जिथे टोकं जुळतात, त्यापुढे दोन कड्या जास्त. मुश्ताकभाई ते समजावत होते तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "म्हणजे माया सोडायची." त्यांना कळलं नाही. तुम्ही त्यांना ब्लाउजची शिवण उलटून दाखवावी तसं समजावलंत की कापड कापताना शिलाईच्या आत दाबायला जे जास्त ठेवतात त्याला माया म्हणतात. "सुभानल्ला," ते म्हणाले. "आम्ही कुवेतमध्ये त्याला नुसतं 'दोन लिंक' म्हणायचो."

आठव्या दिवशी आपण चढणीवर गेलो. तुमच्या मागे आमचा टेम्पो, हे स्टेअरिंगला छाती लावून बसलेले, मी शेजारी. अर्ध्या चढावर तुम्ही उभ्या राहिलात. यांचा पाय ब्रेकवर गेला. तुम्ही जोर लावलात, आणि चेन सटकली नाही. काही आवाजच नाही, नुसती बारीक किरकिर, नव्या कात्रीनं मलमल कापावी तशी. तुम्ही वर पोहोचलात, एक पाय टेकवून बाटलीतलं पाणी प्यायलात. हे खाली उतरले. मला वाटलं, आता भाषण होणार. यांनी सायकलीकडे बघितलं, तुमच्या गुडघ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पंक्चर झाली तर काय करशील?"

"काढेन," तुम्ही म्हणालात. झालं. भंगारवाल्याचं नाव तुमच्यासमोर पुन्हा निघालं नाही.

त्यानंतर तीन बुधवार मिळाले तुम्हाला. तीनच. कधी वाटतं, एवढी झटापट करून तीन? आणि मग आठवतं, दुसऱ्या बुधवारी तुम्ही परत आलात तेव्हा दोन्ही हात हँडलवरून सोडून अंगणात शिरलात. त्रेसष्ट वर्षांच्या! मला बघून पटकन हँडल धरलंत आणि खोकलात.

तुम्ही गेल्यावर लोक बोललेच. "या वयात सायकल, हृदयाला झेपलं न्हाय." तिसऱ्या दिवशी यांनीही तेच म्हटलं. अंगणात उभं राहून, सायकलीकडे बोट करून. "हिनंच नेली ताईला. घेऊन जा म्हणून सांगतो भंगारवाल्याला." मी यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता, तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी चढवला. म्हटलं, "डॉक्टरांना विचारलंत? मी विचारलं. ते म्हणाले, हृदय आधीपासूनच तसं होतं, सायकलीचा काही संबंध नाही. वन्सं गेल्या, पण खुर्चीत बसून नाही गेल्या. या सायकलीला हात लावायचा नाही." हे आत निघून गेले. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं.

आता कालची गोष्ट सांगते.

सकाळी सहाला मला जाग आली तर हे अंथरुणात नाहीत. पडवीत सायकल नाही. तशीच धावत सुटले, वाडीतून, सुरूच्या बनातून. पुळणीवर कोणी नव्हतं, ओहोटी होती. आणि तुमचा भाऊ कडक वाळूवर सायकल धरून उभा होता. नुसता उभा. एक हात हँडलवर, एक सीटवर, जणू कोणाची तरी वाट बघत असावा.

मी जवळ गेले. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"सायकल. कधीच आली नाही." मग एकेक वाक्य तोडून सांगितलं. लहानपणी तुम्ही यांना बोर्लीच्या मैदानात शिकवायला न्यायचात. आठवडाभर. हे पडले, रडले, आणि म्हणाले, ताई, कोणाला सांगू नको मला जमत नाही. तुम्ही घरी येऊन सांगितलंत की पक्याला छान येते, पण मीच त्याला देत नाही, मला एकटीला चालवायची असते. त्यावरून तुम्ही बाबांचा मार खाल्लात. "पन्नास वर्षं झाली," हे म्हणाले. "एकदाही बोलली नाही. चिडवलंसुद्धा नाही मला. आणि मी तिची सायकल भंगारात घालायला निघालो होतो."

मग हे रडले, वन्सं. स्मशानातही रडले नव्हते. सायकल सोडली नाही, तशीच धरून रडले. मी यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला एकदम तुमचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

थोड्या वेळानं यांनी लुंगी वर खोचली. "धरतेस का मागून?"

मी सीट धरली. एकसष्ट वर्षांचा माणूस, नव्वद किलोचा, आणि ती अवजड सायकल. "समोर बघा," मी म्हटलं. "चाकाकडे नाही, समोर." पुढचं छोटं चक्र मीच लावून दिलं, वाद मिटलेला नसला तरी काल मी जिंकले. पेडल हलकं फिरलं. चेन नीट बसलेली, कुठे खटका नाही. मी धावत होते, धाप लागली होती, पदर सुटला होता, आणि कुठल्या क्षणी माझा हात सुटला ते मलाच कळलं नाही. हे चालले होते. दहा हात, पंधरा हात, वीस हात, एकटे, पाण्याच्या कडेकडेनं, डुगडुगत. टिटव्या उडाल्या.

मग हे आडवे झाले, सायकलीसकट, ओल्या वाळूत. मी घाबरून धावले. जाऊन बघते तर उताणे पडून आभाळाकडे बघत हसतायत. दाढीला वाळू, लुंगी भिजलेली.

"मंजू," हे म्हणाले, "आत्ता कितव्या गिअरवर होतो गं मी?"